लग्नासाठी ठेवलेले दोन फोन

मीरा आणि ईशान,

मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी मला एकापाठोपाठ एक दोन प्रश्न विचारलेत. ईशानचा प्रश्न सोपा होता. वाढदिवसाला आजी सोन्याचं नाणं पाठवणार आहे, त्याऐवजी नवा फोन मिळेल का? मीराचा प्रश्न अवघड होता. 'आजी, जे सोनं कायम लॉकरमध्येच असतं, ते असलं काय आणि नसलं काय, फरक कसा कळतो?' तेवढ्यात तुमच्या आईने फोन हातात घेतला आणि माझ्या गुडघ्याची चौकशी सुरू केली. बरंच झालं.

या दिवाळी अंकासाठी संपादकांनी नोकरीतल्या आठवणी मागितल्या आहेत. म्हटलं, एकाच लिखाणात दोन्ही कामं होतील. मी तुम्हाला इंग्रजीत लिहू शकले असते. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी माझ्याकडून तेवढं घोटून घेतलं होतं. पण ज्यांच्याबद्दल सांगायचं आहे, ती माणसं इंग्रजीत बोलत नाहीत, आणि त्यांचं बोलणं बदललं तर माझ्यापाशी फारसं काही उरत नाही. अडेल तिथे आईला विचारा.

मी कोल्हापुरातल्या एका सहकारी बँकेत, बाजाराजवळच्या शाखेत होते. शेवटची एकोणीस वर्षं माझ्याकडे लॉकर विभाग होता. बँकेत या विभागाला कोणी मान देत नाही. कर्ज विभागातल्या माणसाला लोक वाकून नमस्कार करतात. लॉकरवालीला फक्त विचारतात, 'मॅडम, रिकामा हाय का आत?'

काम असं असतं. ग्राहक येतो, रजिस्टरमध्ये सही करतो. आपण ती सही कार्डावरच्या सहीशी ताडून बघायची, वेळ लिहायची आणि त्याला आत न्यायचं. प्रत्येक लॉकरला दोन चाव्या लागतात. एक बँकेची, तिला मास्टर चावी म्हणतात. दुसरी ग्राहकाची. आधी आपली फिरवायची, मग त्याने त्याची. दार किलकिलं झालं की आपण पाठ फिरवून बाहेर जाळीपाशी यायचं. आत काय ठेवलंय ते बँकेला माहीत नसतं आणि माहीत करूनही घ्यायचं नसतं. तसं करारातच लिहिलेलं असतं. पहारेकऱ्याला बघण्याचा पगार मिळतो. मला एकोणीस वर्षं न बघण्याचा मिळाला.

डोळे फिरवता येतात, कान फिरवता येत नाहीत. जाळीपाशी उभं राहून मला पाटल्यांचा आवाज आणि बांगड्यांचा आवाज वेगळा ओळखता येऊ लागला. पाटल्या एकमेकींवर जड पडतात, बांगड्या किणकिणतात. कोण काय ठेवतं, कोण काय काढून नेतं, हे सगळं न बघता कळत होतं. ग्राहक गेल्यावर खोली तपासायची, हेही कामच. खाली हमखास काहीतरी पडलेलं असायचं, बहुतेक वेळा कानातल्याची फिरकी. मी औषधाच्या रिकाम्या डबीत त्या फिरक्या जमवत असे, प्रत्येकीला तारखेची चिठ्ठी लावून. निवृत्त झाले तेव्हा डबीत एकेचाळीस फिरक्या होत्या. डबी पुढच्या मुलीच्या ताब्यात दिली आणि पोच घेतली.

लॉकरच्या खोलीत आरसा असावा म्हणून मी तीनदा लेखी मागणी केली. तिन्ही वेळा 'गरज नाही' असा शेरा आला. शेवटी महाद्वार रोडवरून मी माझ्या पैशाने आरसा आणून लावला. त्याला कारण एक बाई होत्या. त्या दर महिन्याला यायच्या, सगळे दागिने अंगावर घालायच्या, पंधरा मिनिटं बसायच्या, पुन्हा सगळं उतरवून ठेवायच्या आणि घरी भाकरी करायला जायच्या. त्या लॉकरच्या पत्र्यात स्वतःला बघायचा प्रयत्न करत. मला ते बघवत नव्हतं, म्हणजे नियमाप्रमाणे मी ते बघितलंही नव्हतं.

मी नियमाला एवढी चिकटून का राहिले, त्याचंही एक कारण आहे. पहिल्याच वर्षी एक सासूबाई लॉकर उघडायला आल्या. गप्पांच्या ओघात मी म्हणून गेले, 'कालच तुमच्या सूनबाई येऊन गेल्या की.' लॉकर दोघींच्या नावावर होतं, सुनेने काही गैर केलं नव्हतं. माझ्या मनातही काही नव्हतं. आठ दिवसांत त्या घरात दोन चुली झाल्या. सून शाखेत येऊन सगळ्यांदेखत मला म्हणाली, 'तुम्ही कुलूप लावायला बसलाय का काड्या लावायला?' मॅनेजरांनी मला मेमो दिला. तो अजून माझ्या फायलीत आहे. त्यानंतर मी तोंडालाही कुलूप लावलं. सोळा-सतरा वर्षं ते नीट लागलं होतं.

आता श्रीपतीअण्णांकडे येते.

श्रीपतीअण्णा गडहिंग्लजकडचे. कर्नाटकची हद्द तिथून जवळ, म्हणून मोठ्या बहिणीला तिकडे अक्का म्हणतात. मी त्यांच्याहून लहान असेन, तरी पहिल्या दिवसापासून मी अक्का आणि ते अण्णा. ते गुळव्या होते. गुऱ्हाळात उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळतात, तो कोणत्या क्षणी खाली उतरवायचा हे ठरवणारा माणूस म्हणजे गुळव्या. घटकाभर आधी उतरवला तर गूळ बसत नाही, घटकाभर उशीर झाला तर करपतो. 'काहिलीपाशी मी डोळ्याची पापणीबी पाडत न्हाई,' असं ते सांगत. कोल्हापूरच्या आसपासच्या गुऱ्हाळांवर त्यांना मान होता. हंगामात सहा महिने घर सोडून राहायचं, म्हणून त्यांनी आमच्याकडे सगळ्यात लहान आकाराचं लॉकर घेतलं होतं.

दर दसऱ्याला ते यायचे. संध्याकाळी दसरा चौकात सोनं लुटायची गर्दी, त्याआधी सकाळी यांचं सोनं. पटका बांधलेला, हातात कापडाची पुरचुंडी. पुरचुंडीत वेढणी. वेढणी म्हणजे चोख सोन्याची तार गुंडाळून केलेलं कडं. दागिना नव्हे, नुसतं सोनं. घडणावळ वाया जात नाही म्हणून जाणते लोक तेच घेतात. करंगळीत अडकेल एवढीच असायची. मी कधी विचारलं नाही. ते आपणहून सांगायचे.

'स्नेहलच्या लग्नाचं, अक्का. हितं ठेवलं की वाडतंय.'

स्नेहल त्यांची एकुलती मुलगी. तेव्हा शाळेत होती.

एका दसऱ्याला पुरचुंडीऐवजी हातात पिशवी होती आणि पिशवीत चौकोनी खोकं. आकारावरून कोणालाही कळलं असतं.

'औंदा सोनं न्हाई,' अण्णा म्हणाले. 'फोन घेतलाय. मोठा. काचंचा.'

'छान. वापरायला?'

'मी कशाला वापरू? माझं हे बटनाचं हाय की.' त्यांनी खिशावर हात मारला. 'लग्नात द्यायचा स्नेहलला. आता पोरीस्नी डाग-दागिनं कमी दिलं तर चालतंय, फोन न्हाई दिला तर चालत न्हाई. दुकानदार म्हणला, पुढच्या साली पाच हजारानं म्हाग हुणार. दर साली म्हागच हुतोय. सोन्यागतच हाय की ते. मग आत्ताच घेऊन ठेवला.'

हिशेबात चूक होती आणि चूक कुठे आहे ते मला दिसत होतं. दर वर्षी महाग होतो तो नवा फोन. घेतलेला फोन घेतल्या दिवसापासून उतरत जातो. ईशान, तुला हे शाळेत जायच्या आधीपासून माहीत असेल. अण्णांना ते माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांच्या जगात नीट ठेवलेली वस्तू वाढते. सोनं वाढतं. जुना गूळ औषधी होतो, त्याला नव्याहून जास्त भाव येतो.

त्यांच्यामागे रांगेत तीन माणसं होती. दसऱ्याचा दिवस, सगळ्यांना घाई. मी मास्टर चावी फिरवली, पाठ वळवली आणि जाळीपाशी आले. रजिस्टरमध्ये वेळ लिहिली.

पुढच्या दसऱ्याला दुसरं खोकं आलं. 'ह्यो जावयाला,' अण्णा म्हणाले. त्यांचा चेहरा एवढा फुलला होता की मी म्हटलं, 'अभिनंदन.' जावई अजून ठरायचा होता.

त्याच्या पुढच्या वर्षी सगळं बंद झालं. तुम्हाला ते वर्ष आठवत असेल. तुम्ही दोघे आपापल्या खोलीत आपापल्या टॅबसमोर शाळा शिकत होता आणि तुमची आई तक्रार करत होती की मुलं कंटाळली आहेत. बँका मात्र उघड्या होत्या. माझ्या निवृत्तीला सात महिने राहिले होते. एके दिवशी अण्णा तोंडाला रुमाल बांधून आले, सोबत स्नेहल. तिला अठरा पूर्ण झाली होती आणि लॉकरवर तिचं नाव लावायचं होतं.

अंगाने बारीक, डोळे टपोरे, सही फार सुंदर. मी तसं म्हटलं. ती म्हणाली, 'वही लिवायची सवय हाय मॅडम. कालिज फोनवर भरतंय आणि आमच्याकडं फोन न्हाई. मैत्रिणीच्या वह्या आणून उतरून काढते.'

ती नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. हजेरी फोनवर, चाचण्या फोनवर. शेजारच्या घरी फोन होता, पण त्यांचीच दोन मुलं त्यावर शिकत होती. यांच्या वाट्याला सकाळचा अर्धा तास यायचा.

'हजेरी कमी पडली तर वर्ष जाणार म्हणत्यात,' ती म्हणाली. तक्रार नव्हती. हवामान सांगावं तसं सांगितलं.

'घिऊ की बाई,' अण्णा म्हणाले. 'गुऱ्हाळं सुरू हुंदेत. आत्ता पैसा कुठला? हाय ते सगळं तुझ्या लग्नाला ठेवलंय.'

मी मास्टर चावी हातात धरून उभी होते. माझ्यापासून चार हातांवर, एका पत्र्याच्या दारामागे दोन कोरे फोन होते. एक या मुलीच्याच नावाचा. अण्णा खोटं बोलत नव्हते हे मला कळत होतं, आणि त्यानेच मी जास्त दमले. त्यांना फोन घ्यायचा होता आणि त्यांच्याकडे फोन नव्हता. लॉकरमध्ये होते ते फोन नव्हतेच, ते लग्नाचे डाग होते. मंगळसूत्र घरात असलं म्हणून कोणी दोऱ्याची गरज पडल्यावर ते उसवायला घेतं का?

स्नेहल फॉर्म भरायला टेबलापाशी गेली तेव्हा मी अण्णांना जाळीपाशी बोलावलं.

'अण्णा, ते फोन. आत पडून खराब होतात ते. सोन्यासारखं नसतं त्याचं.'

'शील फोडलं न्हाई, अक्का.'

'तरी होतात. तिला एक देऊन टाका आता.'

ते हसले. रुमालामुळे फक्त डोळे हसताना दिसले. 'लग्नाचं आदी कसं काढायचं? अपशकुन हुतोय. आणि गूळ जुना झाला की औषध हुतोय, ठावं हाय न्हवं?'

टेबलापाशी स्नेहल फॉर्मवर वाकली होती. मी तिथे जाऊन चार शब्द बोलायला हवे होते. फोन आत आहेत, तुझे आहेत, माग. लॉकरवर तिचं नाव त्याच दिवशी लागत होतं. अर्ध्या तासाने ती कायद्याने त्या दाराची मालकीण होणार होती. पण मला सतरा वर्षांपूर्वीची ती सून आठवली, मॅनेजरांचा मेमो आठवला. सात महिने राहिलेत, ते नीट जाऊ देत, असंही मनात आलं. हे शेवटचं मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी लॉकर उघडायची गरज पडली नाही. सही झाली, शिक्का झाला, दोघं गेली. मी वेळ लिहिली.

सात महिन्यांनी मी मास्टर चावी सोपवली. सत्काराला नारळ, शाल आणि एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. पुढच्या दसऱ्याला अण्णा पत्ता शोधत घरी आले, हातात गुळाची ढेप. नोकरीत असताना त्यांनी एकदा अशीच ढेप आणली होती आणि मी नियमाप्रमाणे पैसे देऊन ती घेतली होती. त्यांना ते लागलं होतं. आता दारातच म्हणाले, 'आता तरी फुकट घ्या.' मी घेतली. स्नेहल कशी आहे विचारलं, तर म्हणाले, 'बरी हाय. औषधाच्या दुकानात लागली.' मी पुढे विचारलं नाही. हल्ली मला वाटतं, न विचारणं ही माझी नोकरी नव्हतीच. तो माझा स्वभाव होता, आणि बँकेने त्याला पगार दिला.

गेल्या वर्षी, दिवाळी झाल्यावर, दोघं बापलेक पुन्हा दारात. या खेपेला गूळ नव्हता. अण्णांच्या हातात तीच पिशवी.

'अक्का, तुमच्या बँकेत ओल हाय काय?'

मला काही कळेना. ते आत येऊन बसले. स्नेहलचं लग्न ठरलं होतं. मुलगा बिद्रीच्या साखर कारखान्यात फिटर. याद्या झाल्या होत्या, म्हणजे कोणी काय द्यायचं ते चार माणसांत बसून लिहून झालं होतं. त्यात अण्णांनी ताठ मानेने लिहवलं होतं, 'जावयाला भारीतला फोन.' अण्णा एकटेच लॉकर उघडून पिशवी घेऊन घरी गेले होते आणि पहिल्यांदा शील फोडलं होतं. एक फोन सुरूच झाला नाही. दुसऱ्याची पाठ फुगून उघडली होती.

'सोनं तसंच्या तसं हाय,' अण्णा म्हणाले. 'शेजारीच ठेवलंतं. मग ह्येच कसं बिघडलं? ओल असणार.'

पावसाळाभर त्या खोलीत मी दिवा लावून ठेवत असे, ओल धरू नये म्हणून. ते सांगायची ही वेळ नव्हती. मी म्हटलं, 'चला, कोणालातरी दाखवू.'

राजारामपुरीत यासीनभाईंचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांचे वडील घड्याळं दुरुस्त करत. डोळ्याला लावायचं ते भिंग अजून मुलाच्या टेबलावर आहे. त्यांनी फुगलेला फोन एका बोटाने उचलून बाहेर वाळूच्या डब्यात नेऊन ठेवला. दुसरा चार्जरला लावला. आम्ही तिघं बाकावर बसलो. वीस मिनिटांनी त्याचा पडदा उजळला. अण्णा उठून उभे राहिले.

'झाला की सुरू.'

'सुरू झाला, पावणं,' यासीनभाई म्हणाले, 'पर ह्यात आता काय चालणार न्हाई. बँकेचं चालत न्हाई, पैसे पाठवायचं चालत न्हाई. कंपनीनं ह्याला कवाच वाऱ्यावर सोडलाय.'

'कोरा हाय, भाई. हात लावला न्हाई कुणी.'

'तेच तर. हात लावायचा होता.'

'मोडीत किती येतील?'

'ह्या सोन्याला मोड नसते, अण्णा.' ते हसत म्हणाले, मग अण्णांचा चेहरा बघून थांबले. 'दोन्ही ठेवा हितं. तुम्हा तिघांचा चहा माझ्याकडनं.'

अण्णा पुन्हा बाकावर बसले. शब्द दिला होता, आणि तो त्यांच्याच तोंडून चार माणसांत लिहिला गेला होता. थोड्या वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, 'वेढण्या मोडतो. जावयाचा फोन तर झाला पायजे.' इतक्या वर्षांच्या दसऱ्यांतून स्नेहलसाठी खरं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं, आणि आता तेही काचेच्या नव्या फोनवर जाणार होतं.

स्नेहलने रिकामं खोकं हातात घेतलं होतं आणि ते उलटं करून वाचत होती. खोक्याच्या तळाला बारीक अक्षरांत फोन कधी तयार झाला तो महिना आणि वर्ष छापलेलं असतं. दुसऱ्या खोक्यावरचंही तिने वाचलं. मग तिने बोटांवर काहीतरी मोजलं. काय मोजतेय ते मला कळलं.

ती बापाकडे बघेल असं मला वाटलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं.

'मॅडम, मी सही करायला आलेली तवा हे आत हुतं?'

'हो.'

'तुम्हाला ठावं हुतं?'

बँकेचं उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. लॉकरमध्ये काय आहे ते बँकेला माहीत नसतं. एकोणीस वर्षं मी ते वाक्य म्हटलं होतं, वारसांना, वकिलांना, एकदा पोलिसांनाही.

'होतं,' मी म्हटलं.

तिने आवाज चढवला नाही.

'मग सांगायचं की हो.'

एवढंच. यासीनभाईंनी चहाचे कप पुढे केले आणि आम्ही ते घेतले. अण्णा एकदा माझ्याकडे आणि एकदा तिच्याकडे बघत होते. त्यांना हळूहळू उमगत होतं. काहिलीवर डोळा ठेवून असणारा माणूस तो. कप तोंडाशी नेला आणि न पिता खाली ठेवला. 'मीच म्हणलंतं, लग्नाचं आदी काढायचं न्हाई,' ते म्हणाले, 'अक्का म्हणत हुत्या मला.' त्यांनी मला वाचवायचा प्रयत्न केला. ते मला जास्त जड गेलं. कारण मी त्यांना सांगितलं होतं, तिला नाही. फोन तिचा होता.

स्नेहलने पर्समधून स्वतःचा फोन काढला. औषधाच्या दुकानाच्या पगारातून घेतलेला जुना, काचेवर आडवा तडा. तिने दुकानाच्या पायरीवर जाऊन होणाऱ्या नवऱ्याला फोन लावला. आम्हाला सगळं ऐकू येत होतं, आणि या खेपेला मी पाठ फिरवली नाही.

'यादीत फोन लिवलाय न्हवं, त्यो मिळणार न्हाई,' ती म्हणाली. 'अण्णांनी घेतलाता, खराब झाला. वेढण्या हाईत. त्या मोडून मी नर्सिंगचं पयल्यापासनं करणार हाय. लग्नाआदी सांगाय पायजे म्हणून सांगते. जमत नसंल तर आत्ताच सांग.'

मग ती बराच वेळ ऐकत होती. अण्णांच्या कपावर साय धरली. तिने फोन ठेवला, आत आली आणि म्हणाली, 'त्याच्याकडं हाय म्हणं फोन. आईला समजावतो म्हणला.'

'आणि सोनं?' अण्णांनी विचारलं. 'लग्नात अंगावर काय घालणार गं?'

'मंगळसूत्र,' ती म्हणाली. 'आणि अण्णा, लॉकरची चावी माझ्याकडं द्या.'

अण्णांनी कमरेच्या करगोट्याला बांधलेली चावी सोडायला घेतली. गाठ जुनी होती, सुटेना. शेवटी यासीनभाईंनी फोन उघडायचा बारीक चिमटा दिला.

लग्नाला मी गेले होते, एस.टी.ने. सासरच्या दोन बायका मुलीच्या अंगावर काही नाही म्हणून कुजबुजत होत्या. स्नेहलने मला वाकून नमस्कार केला, पण त्यात माफी होती की रीत, ते मला सांगता येणार नाही. ती आता गारगोटीला दवाखान्यात काम करते आणि पहिल्यापासून शिकते आहे. वर्गातल्या मुली तिच्याहून सहा वर्षांनी लहान आहेत. अण्णा यंदा दसऱ्याला आले नाहीत.

मीरा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही. पण मी गेल्या आठवड्यात बँकेत गेले होते. आता मी तिथे साधी ग्राहक आहे. सही केली. नव्या मुलीने ती ताडून बघितली, वेळ लिहिली, मास्टर चावी फिरवली आणि मी शिकवल्याप्रमाणे पाठ फिरवून निघून गेली. आरसा अजून आहे. मी आतलं सगळं टेबलावर मांडून यादी केली.

ईशान, तुला फोन हवा असेल तर नाण्याचे पैसे आईकडे पाठवते. घेतलास तर त्याच दिवशी शील फोड.

मीरा, तुझ्या आईने मला बजावलंय की तुला अठरा पूर्ण होईपर्यंत काही सांगायचं नाही. ती रागावेल. तरी सांगते. आत माझ्या आईच्या दोन पाटल्या आणि एक मोहनमाळ आहे. तुझी आई म्हणते, त्या तुझ्या लग्नासाठी. मी म्हणते, त्या तुझ्या. फीसाठी, तिकिटासाठी, घर सोडावं लागलं तर त्यासाठी, ज्या दिवशी लागतील त्या दिवशी माग. कशासाठी, ते मी विचारणार नाही.